टाकी गळते हे कळलं कसं?

डेअरीवर दूध घातलं की आधी फॅट लावतात. चमचाभर दुधावरून अख्ख्या कॅनचा भाव ठरतो. आजची गोष्ट अशाच एका चिमूटभर नमुन्याची आहे, पण माल भलताच जहाल.

अमेरिकेच्या वायव्य भागात, कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड नावाचं गाव होतं. फळबागांची वस्ती. १९४३ साली सरकारनं हे गाव आणि शेजारचं व्हाइट ब्लफ्स महिनाभरात उठवलं. धरणात गाव गेलेल्या बायांना यापुढचं सांगायला नको. तिथे बाँबसाठी प्लुटोनियम तयार होऊ लागलं. नागासाकीवर पडलेल्या बाँबमधलं प्लुटोनियम तिथलंच.

मागे उरला कचरा. जमिनीखाली १७७ टाक्या आणि त्यांत सुमारे २१ कोटी लिटर किरणोत्सारी राड. आधीच्या १४९ टाक्या एकेरी पत्र्याच्या. त्यांतल्या साठाहून जास्त गळल्या, निदान तसा संशय आहे. म्हणून नंतरच्या २८ दुहेरी बांधल्या, टाकीत टाकी.

टाक्या साध्या पोलादाच्या. आम्ल पोलाद खातं, म्हणून कचऱ्यात आधीच कॉस्टिक सोडा घातलेला. पण तो सोडाही हळूहळू खपतो. किती उरला हे टाकीवर उभं राहून कसं कळणार? म्हणून नमुना काढायचा आणि प्रयोगशाळेत न्यायचा. तिथे जाड भिंतीच्या खोलीत नमुना आणि काचेच्या अलीकडे माणूस. आतले यांत्रिक हात बाहेरून चालवायचे. सोडा कमी भरला की टाकीत आणखी घालायचा. टाकीची देखभाल ती हीच. रंगरंगोटी नव्हे.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये एवाय-१०२ या टाकीच्या दोन भिंतींमधल्या फटीत कॅमेरा सोडला, तर तळाशी काहीतरी सुकून बसलेलं दिसलं. बाहेरून झिरपलेलं पाणी की आतला कचरा? नुसतं बघून कुणालाच छातीठोक सांगता येईना. थोडं खरवडून प्रयोगशाळेत नेलं. त्यातली द्रव्यं आतल्या कचऱ्याशी जुळली. ऑक्टोबरमध्ये सरकारनं जाहीर केलं, की आतली टाकी गळते आहे. दुहेरी टाकी गळाल्याचं उघड होण्याची ही पहिलीच वेळ.

मग जुने कागद काढले. बांधतानाच तळाचे जोड नापास होत होते, पुन्हा पुन्हा वेल्डिंग करावं लागलं होतं. मला विचाराल तर खरी चूक तिथली. कच्च्या मडक्यात लोणचं भरायचं आणि मग मिठाला बोल लावायचा, असला प्रकार.

आपल्याकडे पालघर जिल्ह्यात तारापूरलाही असा जहाल कचरा आहे. तिथे तो काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात. हॅनफर्डलाही काचेचाच मार्ग ठरला, पण कारखाना उभा राहायला वर्षामागून वर्षं गेली. तोवर सगळा भार टाक्यांवर.

एवाय-१०२ मधला कचरा उपसायला २०१७ साल उजाडलं. बाहेरची भिंत तोवर टिकली.