पेटीचा गंधार तंबोऱ्याशी का जुळत नाही?

तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. याला 'स्वयंभू गंधार' म्हणतात. त्याची कंपनसंख्या षड्जाच्या बरोबर सव्वापट (१.२५) धरली जाते. हार्मोनियमचा, म्हणजेच पेटीचा शुद्ध गंधार मात्र सुमारे १.२६ पट असतो, म्हणजे किंचित चढा.

यात पेटी बिघडलेली नसते. नेहमीची पेटी पियानोप्रमाणे 'टेम्पर्ड स्केल'मध्ये लावतात. त्यात सप्तकाचे १२ समान भाग पाडून प्रत्येक स्वर आधीच्या स्वराच्या सुमारे १.०५९५ पट ठेवतात. फायदा असा, की पांढरी एक असो वा काळी चार, कुठलीही पट्टी 'सा' धरून वाजवता येते. किंमत अशी, की षड्ज सोडून बाकीचे स्वर थोडे सरकतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग (सेंट) मानले, तर पंचम फक्त २ सेंट उतरतो, पण गंधार १४ सेंट चढतो. तयार कानाला हे लगेच कळते.

त्यातच पेटीवर मींड निघत नाही. अशा आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली. ती १९७१मध्ये अंशतः उठली.

यावर उपाय शोधणारेही झाले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची पेटी घडवण्याचा प्रयत्न केला. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी तयार केली. मैफलीत मात्र आजही बहुधा १२ स्वरांचीच पेटी दिसते.