दिंडीचा बटवा



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या अंकात विणेकऱ्यांची, मृदंगवाल्यांची, चोपदारांची नावं येतील, ती आलीच पाहिजेत. पण दिंडीत एक गाठोडं असायचं, त्याची नोंद कुठल्या वहीत नाही. ते म्हणजे औषधाचा बटवा. आम्ही चौथी शिकलेले, लिहिण्याचा सराव कमी. तरी बटवा बांधणारी माणसं आता थोडी उरली, म्हणून ही हकीकत लिहून ठेवतो.

पूर्वी आपली माणसं नारायणगाव, मंचर, खेड, चाकण करीत आळंदी गाठायची आणि तिथून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूर. पुष्कळजण अनवाणी. दिवेघाट चढेपर्यंत टाचांना भेगा पडायच्या, पावसात चालून बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या. मुक्कामाला पोचलं की बटवा सुटायचा.

त्यात पहिलं राळेचं मलम. राळ आपल्या रानातली नाही, ती वाण्याकडून आणायची. आमच्या घरी पावशेर तिळाच्या तेलाला छटाकभर राळ, असं माप होतं. तेल मंद आचेवर तापवून त्यात राळेची पूड विरघळवायची. राळ पेट घेते, म्हणून जाळ कमी ठेवायचा. मग फडक्यातून गाळून कोमट होऊ द्यायचं, कढत तेलात पाणी पडलं तर अंगावर उडतं. कोमट झालं की परातीत गार पाणी घालून हातानं फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं घालायचं. फेटून फेटून ते लोण्यासारखं पांढरं होतं. रात्री पाय धुऊन, कोरडे करून भेगांत भरायचं. हे काम घरच्या बायांचं. निम्म्या जणी वारीला येऊ शकायच्या नाहीत, पण त्यांच्या हाताचं मलम पंढरीपर्यंत जायचं.

दुसरा बाळहिरडा. नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंतच्या आपल्या डोंगरात हिरड्याची झाडं आहेत. तिथले महादेव कोळी बांधव उन्हाळ्यात कोवळी फळं काढून उन्हात वाळवतात, ती काळी पडतात. आमच्या घरचे ती बाजरी देऊन घ्यायचे. आजी ते हिरडे एरंडेलात परतून, कुटून, सैंधव घालून पूड करायची. पोट जड झालं की चिमूटभर कोमट पाण्याबरोबर. गरोदर बाईला मात्र द्यायचं नाही, असं ती बजावायची. कोणतं फळ कधी काढायचं, किती वाळवायचं, ही विद्या डोंगरातल्या माणसांची. आपण ती पंढरीच्या वाटेवर नेली एवढंच.

आता एक गोष्ट खरी सांगायला पाहिजे. पटकीपुढे हा बटवा चालला नाही. पूर्वी आषाढीच्या गर्दीत पटकी यायची आणि वारकऱ्यांबरोबर गावोगाव जायची. हिरड्यानं ती थांबली नाही. ती हटली स्वच्छ पाण्यानं, टोचण्यानं आणि पुढे मीठ-साखरेच्या पाण्यानं. 1971 साली बांगलादेशच्या लढाईत बंगालमध्ये बनगावला निर्वासितांची छावणी होती. तिथे पटकी लागली आणि शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी पाजून हजारो माणसं वाचवली. घरी करायचं तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट पाजत राहायचं आणि माणसाला दवाखान्यात न्यायचं. आमच्या मतानं हेही बटव्यातलंच औषध आहे.

तसंच साखरेचा आजार असलेल्या वारकऱ्यानं पायाच्या जखमेवर घरचं मलम लावून चालत राहू नये. त्याला दुखणं कळत नाही आणि पाय हातचा जातो. त्यानं डॉक्टरच गाठावा.

आता वाटेवर जागोजागी दवाखाने, ट्यूबा, गोळ्या मिळतात. चांगलं झालं. पण बटवा रिकामा पडला तसा डोंगराशी असलेला आपला संबंधही सुटत चालला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात हिरड्याचं फार नुकसान झालं. ज्यांचं वर्षाचं मीठ-मिरची त्या फळावर, त्यांना भरपाईसाठी भांडावं लागलं. त्याच वर्षी करोनामुळं पायी वारी बंद राहिली, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. वारी चुकली म्हणून आपण रडलो. पण ज्यांचा हिरडा आपल्या वाडवडिलांच्या पोटाला लागू पडला, त्यांच्या दारी आपल्यातले किती गेले?

म्हणून दिंडीला आमची विनंती आहे. या पावसाळ्यात आपल्या गावांच्या शिवेवर हिरड्याची रोपं लावू आणि ती डोंगरातल्या बांधवांकडूनच घेऊ, पैसे देऊन. आणि घरात जी म्हातारी मलम फेटायला जाणते, तिच्याजवळ नातवंडांना बसवा. माप, आच, किती पाणी बदलायचं, सगळं दिंडीच्या वहीत उतरवून घ्या. खाली तिचं नाव लिहा.

रामकृष्ण हरी.