बायबल आणि गुलामगिरी

बायबल आणि गुलामगिरी : माणसाने माणसाला मालमत्ता म्हणून बाळगावे काय, या प्रश्नावर बायबलच्या आधारे झालेला धार्मिक व नैतिक वाद. ज्यू व ख्रिस्ती परंपरांत हा वाद अनेक शतके चालला आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड व अमेरिका या देशांत तो विशेष तीव्र झाला. गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक हे दोघेही एकच धर्मग्रंथ प्रमाण मानत होते. त्यामुळे हा वाद केवळ गुलामांच्या मुक्ततेपुरता न राहता धर्मग्रंथाचा अर्थ कसा लावावा, या मूलभूत प्रश्नापर्यंत पोहोचला.

शब्दांचा प्रश्न : जुन्या करारातील ‘एबेद’ या हिब्रू शब्दाचे अर्थ चाकर, राजसेवक, ईश्वराचा भक्त आणि गुलाम असे संदर्भानुसार बदलतात. नव्या करारातील ‘दूलोस’ हा ग्रीक शब्द मात्र प्रामुख्याने गुलाम या अर्थाचा आहे. १६११ च्या इंग्रजी अधिकृत भाषांतरात या दोन्ही शब्दांसाठी बहुधा चाकर या अर्थाचा इंग्रजी शब्द योजला असून गुलाम या अर्थाचा रूढ इंग्रजी शब्द तेथे केवळ दोन ठिकाणी येतो. बायबलमध्ये खरीखुरी गुलामगिरी नव्हतीच, असे प्रतिपादन पुढे काही विरोधकांनी केले, त्याला या भाषांतराचा आधार मिळाला. मराठी भाषांतरांत सामान्यतः ‘दास’ हा शब्द आढळतो. भक्तिपरंपरेतील दास्यभावाशी त्याचा निकटचा संबंध असल्यामुळे मूळ शब्दामागील खरेदी-विक्रीचा कठोर अर्थ मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

जुना करार : प्राचीन पश्चिम आशियातील इतर समाजांप्रमाणे इझ्राएली समाजातही गुलामगिरी होती आणि जुन्या करारातील कायदे ती गृहीत धरतात. कर्जापायी विकल्या गेलेल्या हिब्रू माणसाने सहा वर्षे चाकरी करावी व सातव्या वर्षी तो मुक्त व्हावा, असा नियम निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. मात्र धन्याने त्याला बायको करून दिली असेल, तर ती व तिची मुले धन्याचीच राहतात. त्यांना सोडून जाण्याची इच्छा नसलेल्या गुलामाचा कान दाराशी आरीने टोचून त्याला कायमचा गुलाम करण्यात येई. गुलामाचा डोळा फोडल्यास किंवा दात पाडल्यास त्याला मुक्त करावे, असे हाच अध्याय सांगतो. परंतु मारहाणीनंतर गुलाम एक-दोन दिवस जगला, तर धन्याला शिक्षा नाही, कारण गुलाम हे त्याचेच धन होय, असेही तेथे म्हटले आहे. माणूस चोरून विकणाऱ्यास देहदंड सांगणारा नियमही याच अध्यायात येतो.

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात स्वकीय व परकीय असा भेद स्पष्ट केलेला आहे. दारिद्र्याने विकल्या गेलेल्या इझ्राएली बांधवास मजुराप्रमाणे वागवावे व पन्नासाव्या म्हणजे योबेल वर्षी त्याला सोडावे; परकीयांना मात्र विकत घ्यावे, कायम बाळगावे आणि मुलांना वारशाने द्यावे, अशी मुभा आहे. याउलट पळून आलेल्या गुलामाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नये, अशी आज्ञा अनुवाद ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात आढळते. बॅबिलोनियाच्या हामुराबीच्या संहितेत (इ. स. पू. सु. १७५०) फरारी गुलामास आश्रय देणाऱ्यास देहदंड सांगितला आहे, त्या पार्श्वभूमीवर ही आज्ञा उल्लेखनीय ठरते. तथापि त्याच संहितेत ऋणापायी चाकरीस दिलेल्या कुटुंबीयांची मुदत तीनच वर्षे आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. इझ्राएली कायदा सर्वच बाबतींत शेजाऱ्यांपेक्षा सौम्य होता, असे म्हणता येत नाही.

हे नियम नेहमी पाळले जात, असेही दिसत नाही. जेरूसलेमचा राजा सिद्कीया याच्या काळात धनिकांनी हिब्रू गुलामांना मुक्त केले आणि लगेच पुन्हा पकडून आणले. त्याबद्दल यिर्मया या संदेष्ट्याने त्यांचा तीव्र निषेध केला. ईजिप्तमधील दास्यातून झालेली सुटका ही इझ्राएली लोकांच्या धर्मस्मृतीच्या केंद्रस्थानी आहे. दास्य भोगलेल्या या लोकांच्याच कायद्याने परकीयांना दास करण्याची मुभा द्यावी, हा विरोध नंतरच्या सर्व वादाच्या मुळाशी होता.

नवा करार : येशूने गुलामगिरीवर थेट भाष्य केल्याचे शुभवर्तमानांत आढळत नाही, त्याच्या दृष्टांतांत मात्र गुलाम वारंवार येतात. ख्रिस्ताच्या ठायी दास व स्वतंत्र असा भेद उरत नाही, असे पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो. त्याच्याच नावावर असलेल्या इफिसकर व कलस्सैकर यांस लिहिलेल्या पत्रांत दासांनी ऐहिक धन्यांच्या आज्ञेत राहावे आणि धन्यांनी त्यांना न्यायाने वागवावे, असा उपदेश आहे. पेत्राचे पहिले पत्र तर कठोर धन्याच्याही अधीन राहावयास सांगते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात माणसे पळवून विकणाऱ्यांची गणना घोर पाप्यांत केली आहे. अनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे परत पाठविताना पौलाने फिलेमोनास लिहिलेले छोटे पत्र दोन्ही पक्षांनी आपल्या बाजूने वापरले : दास परत पाठविला, यावर समर्थकांचा भर होता, तर त्याला दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून स्वीकारण्याच्या विनंतीवर विरोधकांचा.

चर्चची भूमिका : आरंभीच्या धर्मपित्यांपैकी निसाचा ग्रेगरी (सु. ३३५–सु. ३९५) याने उपदेशक ग्रंथावरील प्रवचनात गुलाम बाळगण्याच्या कल्पनेवरच आघात केला. मनुष्य हा ईश्वराच्या प्रतिमेनुसार निर्माण झालेला असल्याने त्याची किंमत कोणी ठरवू शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. परंतु त्याचे हे मत एकाकी राहिले. सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने गुलामगिरी ही निसर्गसिद्ध नसून पापाचा परिणाम होय, असे मानले व दासांनी निष्ठेने सेवा करावी, असे सांगितले. पश्चिमी ख्रिस्ती विचारावर हाच दृष्टिकोन दीर्घकाळ प्रभावी होता. पोप पाचवा निकोलस याने १४५५ च्या फर्मानाद्वारे पोर्तुगालच्या राजास ख्रिस्तीतर लोकांना कायमचे दास करण्याचा अधिकार दिला. पोप तिसरा पॉल याने १५३७ मध्ये अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास मनाई केली, तरी पोर्तुगीजांचा आफ्रिकी गुलामांचा व्यापार चालूच राहिला. मोझँबीकहून आणलेले गुलाम गोव्यातही विकले जात.

नोहाचा शाप : उत्पत्ती ग्रंथाच्या नवव्या अध्यायात नोहा हा आपला मुलगा हाम याच्या अपराधाबद्दल हामचा मुलगा कनान यास दासानुदास होण्याचा शाप देतो. आफ्रिकी लोक हे हामचे वंशज व म्हणून जन्मतःच दास होत, असा अर्थ यातून काढण्यात आला. मूळ मजकुरात वर्णाचा उल्लेख नाही; शाप हामला नसून कनानला आहे आणि कनानचे वंशज पॅलेस्टाइनच्या परिसरातील मानले आहेत. तरीही वर्णाधिष्ठित गुलामगिरीस सोयीचा असल्यामुळे हा अर्थ अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत सर्वमान्य होऊन बसला.

अठराव्या शतकातील वाद : बॉस्टनचा न्यायाधीश सॅम्युएल सिवॉल (१६५२–१७३०) याने १७०० मध्ये योसेफाच्या विक्रीची कथा आधाराला घेऊन गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. भावांना योसेफाला विकण्याचा अधिकार नव्हता, तसा तो कोणालाच नाही, हे त्याचे सूत्र होते. जॉन सॅफिन या व्यापाऱ्याने १७०१ मध्ये अब्राहामाने विकत घेतलेल्या दासांचा व लेवीय ग्रंथाचा हवाला देऊन त्यास उत्तर दिले. अ‍ॅडम नावाच्या आपल्या गुलामाला मुदतीनंतर मुक्त करण्याचे वचन सॅफिनने मोडले होते; न्यायालयीन झगड्यानंतर १७०३ मध्ये अ‍ॅडम मुक्त झाला. क्वेकर पंथीयांपैकी जॉन वुलमन (१७२०–७२) याने इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण इतरांशी वागावे, या येशूच्या वचनावर आपला विरोध आधारला. फिलाडेल्फियाच्या क्वेकर वार्षिक सभेने १७७६ मध्ये सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली.

लिव्हरपूलच्या रेमंड हॅरिस याने १७८८ मध्ये गुलामांचा व्यापार बायबलला संमत असल्याचे दाखविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, तर ग्रॅनव्हिल शार्प (१७३५–१८१३) याने अनुवाद ग्रंथातील फरारी गुलामाविषयीच्या आज्ञेवर भर दिला. ब्रिटिश पार्लमेंटने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार आणि १८३३ मध्ये बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी बंद केली. १८०७ मध्येच वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी निवडक बायबल लंडनमध्ये छापण्यात आले. ईजिप्तमधून झालेल्या सुटकेचे वर्णन आणि दास व स्वतंत्र यांतील भेद नाकारणारे पौलाचे वचन त्यात नव्हते. आज्ञाधारकतेचा उपदेश मात्र कायम होता. धर्मग्रंथातील कोणता भाग मुक्तीकडे नेतो, याची जाण संपादकांना होती, हे या वगळण्यावरून दिसून येते.

अमेरिकेतील संघर्ष : थॉर्नटन स्ट्रिंगफेलो (१७८८–१८६९) या व्हर्जिनियातील बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने कुलपिते, मोशेचा कायदा व प्रेषित या तिन्हींनी गुलामगिरी मान्य केली होती, असे प्रतिपादन केले. थिओडोर वेल्ड (१८०३–९५) याने १८३७ मध्ये मोशेकालीन दास्य व अमेरिकेतील गुलामगिरी यांतील भेद दाखविणारे पुस्तक लिहिले. १८४५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड फुलर (१८०४–७६) व फ्रान्सिस वेलंड (१७९६–१८६५) यांच्या पत्रव्यवहारात हा वाद संयमाने मांडला गेला. प्रेषितांनी गुलामांच्या धन्यांना मंडळीत सामावून घेतले. तेव्हा गुलाम बाळगणे हे स्वतःच पाप असू शकत नाही, असे फुलरचे म्हणणे होते. शुभवर्तमानाने प्रथेचा थेट निषेध केला नसला, तरी ती उखडून टाकणारी तत्त्वे सांगितली, असे वेलंडचे उत्तर होते. सुट्या वचनांच्या बळावर पाहता फुलरची बाजू भक्कम होती. त्यामुळे विरोधकांना अक्षरार्थाऐवजी तात्पर्यावर भिस्त ठेवावी लागली. याच प्रश्नावरून मेथडिस्ट पंथ १८४४ मध्ये व बॅप्टिस्ट पंथ १८४५ मध्ये दुभंगला.

ज्यू समाजातही मतभेद झाले. न्यूयॉर्कचे रब्बी मॉरिस राफॉल यांनी जानेवारी १८६१ मध्ये बायबल गुलामगिरीस पाप मानत नाही, असे प्रवचनात सांगितले. मात्र बायबल गुलामास व्यक्ती मानते, दक्षिणेत त्याला वस्तू मानतात, असेही ते म्हणाले. बॉल्टिमोरचे रब्बी डेव्हिड आइनहॉर्न यांनी त्यांचे खंडन केले. त्याच वर्षी दंगलीमुळे त्यांना शहर सोडावे लागले.

गुलामांचा स्वतःचा अन्वयार्थ : जॉर्जियातील मिशनरी चार्ल्स कॉलकॉक जोन्स (१८०४–६३) यांनी फिलेमोनाच्या पत्राच्या आधारे पळून जाण्याचा निषेध केला, तेव्हा निम्मे गुलाम श्रोते उठून गेले आणि असे पत्र बायबलमध्ये नाहीच, असे काहींनी सांगितल्याची नोंद त्यांनीच केली आहे. फ्रेडरिक डग्लस (सु. १८१८–९५) याने आपल्या १८४५ च्या आत्मचरित्रात ख्रिस्ताचा धर्म व गुलाम बाळगणाऱ्यांचा धर्म यांत स्पष्ट भेद केला. गुलामांच्या गीतांत व प्रार्थनांत मोशे आणि निर्गमाची कथा केंद्रस्थानी होती. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन याने मार्च १८६५ मधील भाषणात दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात, याकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतील गुलामगिरी संपुष्टात आली; म्हणजे वादाचा निर्णय विवेचनाने नव्हे, तर यादवी युद्धाने लागला. या घटनेचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले : महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ नीग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला.

उत्तरकाळ व मूल्यमापन : सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या १८४५ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने १९९५ मध्ये गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल क्षमा मागितली. आधुनिक अभ्यासकांचे स्थूलमानाने तीन दृष्टिकोन दिसतात. काहींच्या मते बायबलमधील दास्य मुख्यतः ऋणमुक्तीचे साधन होते; परंतु परकीय गुलामांविषयीच्या लेवीय ग्रंथातील तरतुदीस हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. विल्यम वेब यांच्यासारखे विवेचक बायबलमधील कायदे तत्कालीन प्रथेस मुक्तीच्या दिशेने वळविणारे मानतात व त्या दिशेने पुढे जाणे हे वाचकाचे कर्तव्य समजतात. हेक्टर अव्हालोस यांच्या मते गुलामगिरीचे उच्चाटन बायबलमुळे नव्हे, तर त्याचे प्रामाण्य मागे पडल्यामुळे शक्य झाले. यांपैकी कोणताही दृष्टिकोन स्वीकारला, तरी एक गोष्ट स्पष्ट होते : गुलामगिरीचा निःसंदिग्ध निषेध करणारा नियम बायबलमध्ये नाही, पण तिला अन्याय ठरविण्यास पुरेशी तत्त्वे त्यात आहेत. यांतील काय प्रमाण मानावयाचे, हे ग्रंथाने नव्हे, वाचणाऱ्यांनी ठरविले आणि त्या निवडीचे नैतिक उत्तरदायित्वही त्यांच्याकडेच राहिले.