गिरणी कामगार चळवळीतील न्याय व सहभागी नेतृत्व (1884–1929)

प्रस्तावना

कामाच्या ठिकाणी न्यायाचा विचार बहुधा वेतनापुरता केला जातो. परंतु निर्णयप्रक्रियेत श्रमिकाला वाटा मिळणे हेही न्यायाचे महत्त्वाचे अंग होय. परभणी जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी बाहेर जाणाऱ्या मजुराची उचल, टोळी व हिशेब आजही मुकादमाच्या हाती असतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत अशीच सत्ता जॉबरकडे होती. भरती, बदली व रजा त्याच्या मर्जीवर अवलंबून असत. या स्थितीला कामगारांनी दिलेल्या उत्तराचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लोखंडे यांचे कार्य

सत्यशोधक कार्यकर्ते व 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर झाले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार व अपघातग्रस्तास भरपाई या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. 24 एप्रिल 1890 च्या सुमारे 10,000 कामगारांच्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी 10 जून रोजी साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. तथापि लोखंडे यांच्या संघटनेस सभासदांची नोंद, वर्गणी वा नियमावली नव्हती. मागणी सर्वांची असली तरी नेतृत्व एका व्यक्तीवर अवलंबून राहिले.

गिरणी समित्यांचा प्रयोग

ही उणीव 1928 मध्ये काही अंशी भरून निघाली. विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, यांसारख्या कामवाढीच्या योजनांविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर संपावर होते. मे महिन्यात गिरणी कामगार युनियनची नोंदणी झाली. तिचे अध्यक्ष अ. अ. आळवे स्वतः गिरणी कामगार होते. युनियनने गिरणीगणिक समित्या उभारल्या. खात्यातील तक्रार समितीमार्फत मांडली जाऊ लागली व जॉबरच्या अधिकाराला प्रथमच संघटित आव्हान मिळाले. मार्च 1929 मध्ये मीरत खटल्यात प्रमुख पुढाऱ्यांना अटक झाली आणि त्या वर्षीचा संप अयशस्वी ठरला. त्यानंतर या समित्यांचे बळ ओसरले.

सहभागाची मर्यादा

या प्रयोगाची मर्यादा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1928 मध्येच दाखवून दिली. चांगल्या मजुरीच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागत असल्याने सवर्ण कामगारच विटाळाचे कारण पुढे करीत. अन्याय केवळ मालकाकडून होत नव्हता. सहकाऱ्याकडूनही होत होता. ज्याला खात्यातच जागा नाही, त्याला त्या खात्याच्या नेतृत्वात जागा मिळणे शक्य नव्हते.

निष्कर्ष

औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 ने 100 वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत मालक व कामगारांच्या संयुक्त समितीची तरतूद केली. विखुरलेल्या टोळ्यांपर्यंत ती पोहोचली नाही. ऊसतोडणीत पती-पत्नी मिळून एक कोयता मोजला जातो. उचल बहुधा पुरुषाच्या नावे असते, त्यामुळे स्त्रीचे श्रम स्वतंत्रपणे नोंदले जात नाहीत. समित्या स्थापन झाल्याने नेतृत्व सहभागी होते, असे गिरण्यांचा इतिहास सांगत नाही. समितीत कोणाला जागा नाही, हे तपासल्याखेरीज न्यायाचे मोजमाप पूर्ण होत नाही.