पाटाचे पाणी, मुरलेले पाणी

यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातल्या गहुली गावातल्या एकाच घराने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले: वसंतराव नाईक आणि त्यांचे पुतणे सुधाकरराव. पाण्याच्या कारभारात काकांचे नाव पाटबंधाऱ्यांशी जोडले गेले, पुतण्याचे जलसंधारणाशी. सरकारी कागदांवर हे दोन शब्द शेजारी दिसतात, म्हणून एकच वाटतात. शेतात त्यांचे पाणी वेगवेगळे असते.

पाटबंधारे म्हणजे नदी अडवायची, पाणी साठवायचे आणि कालव्याने खालच्या रानाला द्यायचे. वसंतराव १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते; त्याच काळात, १९७१ साली, पुसदजवळ पूस नदीवरचे धरण उभे राहिले. पुढे दिग्रसकडे अरुणावती आणि बाभुळगावकडे बेंबळा प्रकल्प झाले. कालव्याखालच्या शेतकऱ्याला रब्बीचा आधार मिळाला. पण कालव्याचे पाणी उतारानेच जाते. टेकडीवरच्या कोरडवाहू कापसाला आणि माथ्यावरच्या तांड्याला त्यातले काही मिळत नाही.

जलसंधारण सुरू होते ते या माथ्यावरूनच. आधी समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, नाला बांध आणि त्याखाली पाझर तलाव. पाझर तलावाला कालवा नसतो. त्यातले पाणी जमिनीत जावे आणि खालच्या विहिरींना लागावे, यासाठीच तो बांधतात. जिल्ह्याच्या बहुतेक भागात काळा पाषाण आहे. त्यात पाणी मुरते ते भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून. जागा चुकली की सगळी मेहनत वाया.

१९७२च्या दुष्काळात, म्हणजे वसंतरावांच्याच कारकिर्दीत, राज्यभर असे तलाव आणि बांध निघाले. मात्र तेव्हा पहिली निकड उपाशी माणसाच्या हाताला काम देण्याची होती. १९९२मध्ये सुधाकररावांनी जलसंधारणाचे स्वतंत्र खाते काढले, आणि दुष्काळी कामाला कायमचे घर मिळाले. मोठ्या धरणांच्या सावलीत राहिलेल्या या लहान कामांसाठी तो निर्णय फार मोलाचा होता.

दोन्ही वाटा पावसावरच अवलंबून आहेत. २०१७मध्ये तो कमी पडला आणि २०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराची निळोणा व चापडोह ही दोन्ही धरणे आटली. टँकरवर भागवताना शहराने बेंबळ्याच्या पाण्याकडे डोळे लावले.

१० मे २००१ रोजी सुधाकरराव गेले. तो दिवस आता राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळतात. चर आणि बांधांची कामेही याच दिवसांत, मृगाआधी, उरकावी लागतात.