डाव सोडला की सुटला? ३० ऑगस्ट २०२०

आज बुद्धिबळ. पण जिंकण्याची गोष्ट नाही, डाव सोडल्यानंतर जे बोलणं होतं त्याची.

आमच्या नरडाण्याकडे पटाभोवती चार बघे असतातच. एकाने "सोडला भाऊ" म्हटलं की खरी मजा सुरू होते. उंट इकडे नेला असता तर? मग मी हत्ती मारला असता ना! सोंगट्या मागे घेऊन तीच जागा परत मांडतात. मोठ्या स्पर्धांतही हे चालतं, त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. ऑनलाइन मात्र पांढऱ्या झेंड्याचं बटण दाबलं की समोरचा गायब. चाल कुठे चुकली ते कॉम्प्युटर सांगतो, पण समोरच्याला कशाची भीती वाटत होती, ते त्यालाच विचारावं लागतं.

आता २०२० आठवा. लॉकडाऊनमुळे फिडेने पहिलं ऑनलाइन ऑलिम्पियाड घेतलं. खेळाडू आपापल्या गावी, पट चेस डॉट कॉमवर. संघात सहा पट: दोन पुरुष, दोन महिला, एक ज्युनियर मुलगा, एक ज्युनियर मुलगी. भारताचा कर्णधार आपल्या नाशिकचा विदित गुजराथी, आणि ज्युनियर मुलींत नागपूरची दिव्या देशमुख, वय फक्त १४.

३० ऑगस्टला रशियाशी फायनल. पहिली फेरी ३-३. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि दिव्याचं कनेक्शन गेलं, घड्याळ मात्र चालूच राहिलं. दोघंही वेळेवर हरले. त्या दिवशी सेंच्युरीलिंक या अमेरिकन कंपनीच्या नेटवर्कमध्ये एक चुकीचा नियम पसरला होता, त्याने क्लाउडफ्लेअरला फटका बसला आणि जगभरच्या साइट्स लटकल्या. सॉफ्टवेअरवाल्यांनो, तुम्हाला ती रविवारची दुपार आठवत असेल!

या दोघांनी हार मानलीच नव्हती. मग चर्चा कशाची करणार? शेवटची चाल कुणी खेळली, राउटरने? आधी रशिया विजेता जाहीर झाला, भारताने दाद मागितली आणि फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्ण दिलं.

आपल्याकडे फटाके वाजले. पण दोनच दिवस आधीचं बघा. क्वार्टर फायनलमध्ये आर्मेनियाच्या हाइक मार्टिरोस्यानचं कनेक्शन निहालविरुद्ध खेळतानाच गेलं होतं. त्यांचंही अपील झालं, पण ते फेटाळलं गेलं, कारण दोष त्यांच्याकडच्या नेटचा ठरला. निषेध म्हणून आर्मेनिया दुसरी फेरी खेळलाच नाही. जगभर नेट पडणं आणि एकाच घरचं पडणं, यात तांत्रिक फरक आहे, मान्य. पण स्क्रीनसमोर बसलेल्या पोराला तो फरक दिसतो का? मला तरी ते सुवर्ण घेताना आर्मेनिया आठवायला हवा होता असं वाटतं.

त्याच लॉकडाऊनमध्ये विदित समय रैनासोबत स्ट्रीमवर यायचा. डाव, चुका, हसणं, सगळं लाइव्ह. बघ्यांचा तो पट परत जमला, फक्त चारऐवजी हजारो लोक.

आणि दिव्या? २८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी, महिला विश्वचषकाची फायनल. समोर कोनेरू हम्पी, २०२०च्या त्याच संघातली ज्येष्ठ खेळाडू. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, पहिला रॅपिडही बरोबरीत. दुसऱ्या रॅपिडमध्ये काळ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या दिव्यासमोर हम्पीने डाव सोडला. यावेळी खरा पट होता, आणि हात मिळवायला समोर माणूस.