मरणाचं बजेट

घरातलं माणूस गेल्यावर भावात घासाघीस कोण करणार? अमेरिकेतले अंत्यविधीवाले हे बरोब्बर ओळखून होते. ओकलंडचे वकील बॉब ट्रूहाफ्ट कामगार युनियनांचं काम बघत. भांडून मिळवलेली मृत्यूनंतरची रक्कम बायकापोरांऐवजी थेट अंत्यविधीवाल्याच्या खिशात जाते, हे त्यांना दिसलं. मग लोकांना जिवंतपणीच साधा, स्वस्त अंत्यविधी ठरवून ठेवता येईल अशा सोसायटीच्या मागे ते लागले. बायको जेसिका मिटफर्ड आधी चेष्टाच करायची! पण १९६३ मध्ये तिनेच या धंद्यावर पुस्तक लिहिलं आणि ते तुफान खपलं. १९८४ पासून तिथे प्रत्येक गोष्टीचा वेगळा भाव लेखी द्यावा लागतो (ऑनसाइट मंडळी, फोनवर विचारलात तरी सांगावाच लागतो). १९९६ मध्ये जेसिका गेली. साधं दहन, रक्षा समुद्रात. बिल ५३३ डॉलर ३१ सेंट.